मुक्ताचं अळणी ताट

“मीठ बंद, आजी. कमी नाही, बंद. आणि घरातल्या प्रत्येकाला सांगा. लाड करणारा एक हात पुरतो पोरीला परत इथं आणायला.”

डॉक्टर आगाशेबाईंचा हा आवाज आनंदीबाईंच्या कानात असा बसला होता, की तुळशीला पाणी घालताना स्तोत्राच्या मध्येच तो उमटे आणि पुढची ओळ हरवे. मुक्ता त्यांची एकुलती नात, पाच वर्षांची. गणपती उठले आणि पोरीचे डोळे सकाळी सुजलेले दिसू लागले. आधी सगळ्यांना वाटलं, अंग धरतेय पोर. शेजारणींनी गाल ओढून कौतुकही केलं. मग पाय सुजले, पोट ताठलं, तेव्हा कळलं की मूत्रपिंडाची चाळणी सैल पडलीय आणि अंगातलं सत्त्व लघवीवाटे वाहून चाललंय. लहान मुलांना होतो हा आजार, औषधानं आटोक्यात येतो, पण पथ्य सांभाळा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

औषध चालू होतं, पथ्य चालू होतं, तरी घटस्थापनेआधीच्या तपासणीला त्यांनी मुक्ताच्या नडगीवर बोट दाबलं आणि खळगा तसाच राहिलेला पाहून चष्मा काढला.

“लघवीच्या पट्टीवरची तपासणी सुधारतेय. मग सूज का उतरत नाही? ब्लडप्रेशर का चढलंय? घरात कुणीतरी हिला मीठ देतंय. शोधून काढा. पुढच्या सोमवारी असंच दिसलं तर ॲडमिट करून घेणार.”

ॲडमिट म्हटल्यावर मुक्तानं आजीचा पदर जो धरला तो वारज्यातलं घर येईपर्यंत सोडला नाही.

त्या दिवसापासून आनंदीबाईंचा जीव संशयानं पोखरला. घरात माणसं ती किती! मुलगा अनंत अमेरिकेत, कंपनीच्या प्रोजेक्टवर. सून वल्लरी हिंजवडीला. सकाळी तिला न्यायला गाडी यायची, ती दिवेलागणीनंतर सोडायची. पहिला संशय तिच्यावरच गेला. ऑफिसातून येताना काही आणत असेल, पोरीला दिवसभर वेळ देता येत नाही म्हणून गुपचूप भरवत असेल. आनंदीबाईंनी आडून आडून विचारलं. वल्लरीनं लॅपटॉपवरून मान न उचलता सांगितलं, “आई, मी देत असते तर मला कळलं असतं ना.”

राहिली इंदुबाई. वर्ध्याकडची बाई, नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्यात आलेली, दोन वेळा येऊन स्वयंपाक करायची. मुक्ता तिला इंदूमावशी म्हणायची आणि पोळ्या होईपर्यंत तिच्या मागं मागं फिरायची. इतके दिवस आनंदीबाईंना त्याचं बरं वाटे. आता तेच डोळ्यांत खुपू लागलं. एवढी माया परक्या बाईला कशाला? पोरगी हिच्याच हातचं का मागते?

त्यांनी मिठाची बरणी स्वयंपाकघरातून हलवली आणि देवघराच्या कपाटात कुलपात ठेवली. मोठ्यांच्या भाजीला लागेल तेवढी चिमूट त्या स्वतः काढून देत. मुक्ताची भाजी वेगळ्या पातेल्यात, अळणी. ती उतरेपर्यंत त्या जपमाळ घेऊन ओट्याशेजारी स्टुलावर बसत. ओठ हलत असत, डोळे इंदुबाईच्या हातावर. इंदुबाईला ते समजत नव्हतं असं नाही. एकदा तिनं पोळी लाटता लाटता विचारलं, की काकू, आज देवाले सोडून माह्याकडंच कायले पाहून राह्यल्या? आनंदीबाई हळू आवाजात म्हणाल्या, देव सगळीकडं असतो.

नवरात्र बसलं. एरवी गुरुवार, शनिवार, चतुर्थी धरणाऱ्या आनंदीबाईंचे आता नऊ दिवस कडक उपास. मुक्ता आपल्या अळणी ताटाशी रडायची, वरणभात जिभेनं बाहेर ढकलायची. पोर उपाशी कशी ठेवायची? मग एरवीच्या उपासांना करी तसंच आजी तिला मांडीवर घेऊन आपल्या फराळातले चार घास भरवी. वरीचे तांदूळ, वर दाण्याची आमटी. ते मात्र पोरगी मिटक्या मारत खाई. देवीचा फराळ, सोवळ्यात रांधलेला. निदान एवढं तरी पोटात जातंय, या समाधानात आजी तिचं तोंड पुसत असे.

सूज हटेना. उलट माळा चढत गेल्या तसे डोळे जास्तच बारीक झाले.

मग एका सकाळी आनंदीबाईंनी पाहिलं. इंदुबाईनं पदराच्या गाठीतून काहीतरी काढलं आणि मुक्ताच्या तोंडात टाकलं. आनंदीबाई उठल्या, तिचा हात मनगटाशी धरला आणि नाकाशी नेऊन हुंगला. तळव्यावर ज्वारीच्या लाह्या होत्या. एक जिभेवर ठेवून पाहिली, अळणी लागली. तरी संशय जाईना. त्या म्हणाल्या, मीठ झटकलं असशील.

इंदुबाईनं नळाखाली हात धुतले.

“काकू, पोरीले मीठ देऊन मी काय करू? मले का लेकरं नाहीत? तुम्ही विचारलं असतं तर सांगतलं असतं. पण जिथं माहा हात हुंगल्या जाते, तिथं मी पोळ्या नाही लाटत.”

ती गेली. मुक्ता दाराशी उभी राहून रडली. आनंदीबाईंनी मनाशी म्हटलं, बरं झालं, आता सूज उतरेल.

सोमवारी वल्लरीनं रजा काढली आणि तिघी दवाखान्यात गेल्या. सूज तशीच होती. आनंदीबाईंनी सांगितलं की बाई काढून टाकली, मीठ कुलपात आहे, आता कुणाचा हात लागत नाही. डॉक्टरीणबाईंनी त्यांचं ऐकून घेतलं आणि मुक्ताकडं वळल्या.

“काय मुक्ताबाई, घरी सगळ्यांत छान काय मिळतं खायला?”

“आजीचा उपास,” मुक्ता म्हणाली.

“अस्सं. त्यात मीठ असतं?”

“छे हो,” आनंदीबाईंनीच उत्तर दिलं. “उपासाला मीठ कसं चालेल? सैंधव असतं.”

वल्लरीनं डोळे मिटून घेतले.

“सैंधव म्हणजे मीठच, आजी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “फरक देवाला कळतो. मूत्रपिंडाला नाही कळत.”

त्यांनी ॲडमिट केलं नाही. चार दिवस फराळ बंद करून बघू म्हणाल्या. रिक्षात वल्लरी बाहेर बघत राहिली. ती काही बोलली असती तर आनंदीबाईंना सोपं गेलं असतं. इतकी वर्षं उपासाला मीठ शिवलं नाही याचं समाधान जपणाऱ्या त्या. आणि मांडीवर घेऊन, आग्रह करकरून, त्यांनीच पोरीला ते चारलं होतं.

“मग इंदूमावशीनं नव्हतं ना दिलं?” मुक्तानं विचारलं.

“नाही गं बाळा.”

“मग ती येईल?”

“आणते मी,” आनंदीबाई म्हणाल्या.

फराळ बंद झाला आणि सूज ओसरू लागली. अष्टमीच्या सकाळी मुक्ताचे डोळे टपोरे उघडले. आनंदीबाईंनी चौकशी केली तेव्हा कळलं, इंदुबाई काम सोडून बहिणीकडं गेलीय, विश्रांतवाडीला. वल्लरी म्हणाली, आई, ती आपला फोन उचलत नाही, पण बहिणीच्या चाळीतल्या कुणाचा तरी नंबर मी मिळवते, तुम्ही उपाशीपोटी एवढ्या लांब कुठं जाता?

“नको गं. तिचा हात मी धरला होता, फोननं नव्हे.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मुक्ता अजून झोपली होती. आनंदीबाईंनी तिच्या अंगावरची चादर सारखी केली, चपला हातात घेऊन दार ओढलं, आणि जिना उतरून मनपाला जाणाऱ्या बसच्या थांब्याकडं चालू लागल्या. काय बोलायचं ते अजून ठरलं नव्हतं.