चेटीचंडच्या दुपारचा स्क्रॅप

माझ्या धाकट्या बहिणीच्या, संध्याच्या ऑर्कुटवर महिनाभर घाण पडत होती. 'खरंबोल्या' नावाचं, फोटो नसलेलं एक प्रोफाइल तिच्या पानावर स्क्रॅप, म्हणजे निरोप, टाकायचं, आणि ते सगळ्या जगाला दिसायचे. आज तिनं कोणता ड्रेस घातला हेसुद्धा त्या मेल्याला ठाऊक. शेवटी आलं, 'परीक्षेला निघालीस की विठ्ठलवाडी स्टेशनवर उचलतो.' झालं! बाबांनी जाहीर केलं, पोरगी घराबाहेर पडणार नाही. उद्या तिचा टी.वाय.चा पहिला पेपर होता. तीन वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली, आणि माझं डोकं फिरलं.

बाबांना हा सल्ला आमच्या चुलतभावानं, महेंद्रनं दिला होता. "काका, मी शोधतोय त्याला. तोवर घरात ठेवा तिला."

शोधेल तेव्हा शोधेल! दुपारी मीच कॅम्प चार या आमच्या सिंधी वस्तीतल्या चंदरभाईच्या सायबर कॅफेत जाऊन बसले. प्लायवूडचे खुराड्याएवढे कप्पे, प्रत्येकाला पडदा. संध्याच्या नावानं लॉगिन केलं आणि त्याला लिहिलं, 'भित्र्या, समोर ये.'

उत्तर लगेच आलं. मागोमाग दुसरं. शिव्या अशा, की मला घाम फुटला. तरी मी त्याला डिवचत राहिले.

तेवढ्यात चंदरभाई ओरडला, "चलो भाई, आज चेटीचंड है, जुलूस में जाना है. पाँच मिनट में बंद!" सिंधी नववर्षाची मिरवणूक होती.

स्क्रीनवर नवा स्क्रॅप आला. 'आज कॅफे लवकर बंद होतंय म्हणून वाचलीस. उद्या स्टेशनवर बघतो.'

तो इथेच बसला होता. पळून जावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण उठले. पहिला पडदा ओढला, आत कुणी नाही. दुसऱ्यात एक बाई हेडफोन लावून दुबईला बोलत होती. तिसरा ओढला.

महेंद्र.

"ताई, ओरडू नको ना," तो पुटपुटला. "ती फोटो टाकते, कोण पण बघतं. घाबरवायचं होतं फक्त. मग... मग मजा यायला लागली."

थोबाड फोडावंसं वाटत होतं. त्याऐवजी सगळ्या स्क्रॅपचे प्रिंट काढले, त्याची कॉलर धरली आणि घरी आणून बाबांसमोर उभा केला. काय घडलं ते सांगितलं.

"आता वाच," मी म्हणाले. "मोठ्यानं. तिच्याकडे बघून."

त्यानं अर्धी ओळ वाचली. मग कागद खाली केले.

संध्यानं त्याच्या हातातून कागद घेतले आणि स्वतःच वाचू लागली. एकही शिवी गाळली नाही.

"पुरे गं बाळा," बाबा म्हणाले.

"नाही बाबा. महिनाभर मी हे एकटी वाचतेय."

बाबा खाली बसले.

"उद्या पेपर किती वाजता?"

"अकराला."

"तू जा," बाबा म्हणाले. मग त्यांनी महेंद्रकडे बोट केलं. "घरात आता हा बसेल."