लंकाबाईच्या घराची नोंद

मित्रांनो, नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका कचेरीत, जिन्याखालच्या खोक्यात मी पडून आहे. मी सर्वेक्षणाच्या कामातून काढून टाकलेला एक जुना टॅब आहे. माझी बॅटरी फुगली आहे आणि काचेला तडा गेला आहे.

माझे खरे आयुष्य सुरू झाले ते सुवर्णाच्या हातात. ती कंत्राटावर काम करायची. राज्यातल्या कुटुंबांचे उत्पन्न वर्षागणिक कसे बदलते, याचा अंदाज काढायचा होता. त्यासाठी काही घरे निवडली होती. दर दोन वर्षांनी त्याच घरांत जायचे आणि तेच प्रश्न विचारायचे.

हरसूलच्या पुढे डोंगरातल्या एका पाड्यावर मंगळू आणि लंकाबाई यांचे घर होते. पहिल्या खेपेला लंकाबाईने माझ्याकडे संशयाने पाहिले.

"हे लिहून आमाला काय मिळंल?"

"मिळणार काही नाही, मावशी," सुवर्णाने खरे तेच सांगितले. "पण राज्यातली सगळी घरं उत्पन्नाप्रमाणे एका रांगेत उभी केली, तर अगदी मधलं घर किती कमावतं, ते यातून कळतं."

"आमचं घर लय मागं असंल."

"असेल. पण रांगेत असेल."

लंकाबाई हसली आणि आमच्यासाठी गोधडी अंथरली. भात, नागली, दोन शेळ्या, द्राक्षबागेतली मजुरी, सगळे आठवून आठवून तिने सांगितले. वर्षाचे ऐंशी हजारही भरले नाहीत. सुवर्णाने आकडा दोनदा वाचून दाखवला, मगच माझ्यात भरला. असा खरा आकडा भरला गेला की मला माझ्या असण्याचा अभिमान वाटायचा.

दुसऱ्या खेपेला मंगळूचा पाय मोडलेला होता. आकडा खाली आला. सुवर्णाने तोही तसाच भरला.

तिसऱ्या खेपेला दाराला कुलूप होते. अंगणात गवत माजले होते. शेजारीण म्हणाली, "ते नाशकाला गेले कामाला. पोरंबाळं घेऊन गेले. कधी येतील, काय सांगावं?"

सुवर्णा तिथे तीन वेळा गेली. शेवटच्या वेळी एसटीचे भाडे तिने स्वतःच्या पैशातून भरले. परतताना तिच्या पर्यवेक्षकाचा, दीपकचा, फोन आला.

"मॅडम, बदली घर घ्या. नियमात आहे. आज शेवटची तारीख."

"सर, ती माणसं कुठे गेली ते शोधता येईल. थोडे दिवस द्या."

"माझ्या हातात असतं तर दिले असते हो."

बदली घर शाळेतल्या गुरुजींचे निघाले. नवरा-बायको दोघेही नोकरीला. सुवर्णाने त्यांचा पगार विचारला आणि लंकाबाईच्या जागी भरला. मी तो मुकाट्याने घेतला. शेवटी शेऱ्याची एक चौकट असते. तिथे तिने लिहिले, 'घर बंद. माणसे कामासाठी शहरात.' ती चौकट भरलीच पाहिजे असे नव्हते, आणि वाचलीच पाहिजे असेही नव्हते.

पुढे कचेरीत बैठक झाली. पेठ-सुरगाण्याकडे सर्वेक्षणासाठी फिरलेल्या मुलींनीही बंद घरांचे आणि त्यांच्या जागी घेतलेल्या बदली घरांचे तेच सांगितले. पण पडद्यावर चढती रेघ आली. मधल्या घराचे उत्पन्न वाढले होते. टाळ्या वाजल्या. सुवर्णाला प्रमाणपत्र मिळाले. तिने ते माझ्याच पिशवीत कोंबले.

त्याच आठवड्यात, या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर, एका नव्या इमारतीच्या कामावर लंकाबाई दिसली. डोक्यावर वाळूचे घमेले होते. मागे पत्र्याच्या खोपटात मंगळू पाय लांब करून बसला होता. तिनेच हाक मारली.

"बाई, औंदा आली नाय लिहायला?"

"आले होते, मावशी. तीनदा आले. कुलूप होतं."

"मंग आमचं काय लिहिलं?"

सुवर्णाने मला पिशवीतून बाहेर काढले. उगाच काच पुसली.

"काही नाही लिहिलं," ती म्हणाली.

"आता लिही की. मी इथंच हाय."

सुवर्णाने यादी उघडली. लंकाबाईचे नाव त्यात नव्हते. पत्र्याच्या त्या खोपटाला क्रमांकही नव्हता. मी हरतऱ्हेने चाचपडलो, पण तिच्यासाठी माझ्याकडे एकही रिकामी ओळ नव्हती. मुकादमाने आवाज दिला तशी लंकाबाई घमेले सावरत गेली.

सुवर्णाचे कंत्राट पुढे वाढले नाही. मला या खोक्यात टाकले आणि नवे टॅब आले. ते माझ्यापेक्षा वेगाने चालतात, पण त्यांच्याकडेही तशी ओळ नाही.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. माझे दिवस भरले. एवढेच सांगतो, की पुस्तकात किंवा वर्तमानपत्रात वर चढणारी रेघ दिसली, तर टाळी वाजवण्याआधी विचारा, यात कोणाला मोजायचे राहिले? तुमच्या शाळेच्या वाटेवर एखादी इमारत उभी राहत असेल, तर तिथे राहणाऱ्यांची नावे तरी विचारून घ्या.