यांना सांग

ठकूच्या आईशी लग्न करून तो त्या घरात राहायला आला तेव्हा ठकू दहा वर्षांची होती. ठकू हे आईनं ठेवलेलं लाडाचं नाव. तिचे बाबा दुसऱ्या शहरात राहायचे आणि दर रविवारी संध्याकाळी न चुकता फोन करायचे. त्यामुळे ‘बाबा’ ही जागा भरलेली होती. ‘काका’ म्हणायला तिची जीभ वळेना. मग तिनं त्याला काहीच न म्हणायचं ठरवलं.

काहीच न म्हणता एका घरात राहणं सोपं नसतं. ‘जेवतोस का’ म्हटलं तर सलगी होते, ‘जेवता का’ म्हटलं तर माणूस पाहुणा होऊन बसतो. ठकूनं मधली वाट काढली. “जेवायचंय का?” “फोन वाजतोय.” “दार लावायचं राहिलंय.” अगदीच अडलं तर तो समोर बसलेला असतानाही ती आईकडे तोंड करून म्हणायची, “आई, यांना सांग, माझ्या वह्यांवर पाना ठेवलाय.”

आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांकडून अक्षरं वाचून घेऊन दमून यायची आणि घरात शिरल्या शिरल्या निरोप सुरू व्हायचे. “मी काय पोस्टमन आहे का गं?” असं कुरकुरत ती ते पोचवायचीही.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत डबा खाऊन झाला की मोबाइलवर वाचत बसायचा. पूर्वी क्रिकेट वाचायचा, आता ‘सावत्र पालकांनी काय टाळावं’, ‘मुलांचं मन जिंकण्याचे सोपे उपाय’, ‘आनंदी घराची गुपितं’. त्याचा कामावरचा जोडीदार तीन पोरांचा बाप होता. तो एकदा डोकावून म्हणाला, “अरे, पोरं आणि लिफ्ट सारखीच. बटण दाबत राहिलं म्हणून लवकर येत नाहीत.”

पण याला धीर कुठला! एका लेखात होतं, रात्री जेवताना प्रत्येकानं दिवसातली एक चांगली गोष्ट सांगावी. त्यानं एका दवाखान्यातली बंद लिफ्ट कशी चालू केली ते रंगवून सांगितलं. आईनं एका आजोबांचा चष्मा त्यांच्याच डोक्यावर सापडल्याचं सांगितलं. ठकूची पाळी आली. “आज चांगलं काही झालं नाही,” ती म्हणाली. “जेवण झालं.” आणि ताट घेऊन उठली.

मग ‘भावनांचा तक्ता’ आला. हसरा, रडका, रागावलेला, दमलेला असे चेहरे छापून त्यानं फ्रिजवर लावले. ज्याला जसं वाटेल त्यानं तिथे चुंबक चिकटवायचं. आठवडाभर ठकूचं चुंबक दमलेल्या चेहऱ्यावर होतं. आईचंही तिथेच. शेवटी त्यानंही आपलं तिथेच नेऊन लावलं. तो प्रयोग तिथेच थांबला.

“सोड ना,” बायको म्हणाली. “तुझ्यावर राग नाहीये तिचा.”

“माहितेय मला,” तो म्हणाला. “राग असता तर नावानं तरी ओरडली असती.”

असंच एकदा काहीतरी शोधताना त्याला एक व्हिडिओ दिसला. कुणा बाईंनी मातीची गोगलगाय केली होती आणि ती टेबलावरून चालत होती. बाहुली जरा सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची, पुन्हा फोटो. सगळे फोटो भराभर दाखवले की ती चालायला लागते. त्यानं तो व्हिडिओ किती वेळा पाहिला कुणास ठाऊक. मुलांचं मन, संवाद, सगळं तो विसरून गेला. हे आपल्याला जमलं पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं.

रविवारी दुपारी बायको झोपली होती. त्यानं रंगीत मातीचं पाकीट फोडलं, लोखंडी पट्टी वाकवून मोबाइलसाठी घोडी केली, ती टेबलाच्या कडेला आवळून बसवली आणि गोगलगाय करायला घेतली. मोठमोठे नट आवळणाऱ्या त्या बोटांना शिंगं काही जमेनात.

ठकू पाणी प्यायला आली. थबकली.

“हा बटाटा आहे का?”

“गोगलगाय.”

“गोगलगाईला कंबर नसते.”

तिनं खुर्ची ओढली, गोळा हातात घेतला आणि कंबर सपाट केली. शिंगंही तिनंच काढली. मग फोटो सुरू झाले. तो सरकवायचा, ती बटण दाबायची. थोड्या वेळानं दोघांनी थांबून पाहिलं. गोगलगाय चालत नव्हती, उचकी लागल्यासारखी उडत होती.

“जास्त सरकतेय,” ठकू म्हणाली. “तांदळाच्या दाण्याएवढंच सरकवायचं.”

पुन्हा पहिल्यापासून. दोघंही श्वास रोखून. गोगलगाय टेबलाच्या मध्यापर्यंत आली, आणि ठकू ओरडली, “अरे, हात काढ ना तुझा! फोटोत आला!”

आपण ‘तुझा’ म्हणालो हे मग तिच्या लक्षात आलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अशा वेळी मुलांना जवळ घ्या, तुम्हाला काय वाटलं ते सांगा, असं कुठल्याशा लेखात होतं. त्याला ते आठवलंही.

“काढला,” तो म्हणाला. “दाब आता.”

तिनं बटण दाबलं.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. तो स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. बाहेर ठकू भरभरून सांगत होती, गोगलगाय, शिंगं, तांदळाचा दाणा. मधेच थांबली. पलीकडून विचारलं असावं, की हे केलं कुणाबरोबर? सुरी त्याच्या हातात तशीच राहिली.

“आमच्याकडे एक मिस्त्री आहे ना,” ठकू म्हणाली, “त्याच्याबरोबर.”

फोन ठेवल्यावर आई चिडली. “मिस्त्री काय? मोठ्या माणसाला असं म्हणतात का?”

“असू दे गं,” तो आतून म्हणाला. “हुद्दा आहे तो माझा.” कांद्यानं डोळ्यांना धार लागली होती, म्हणून तो बाहेर आला नाही.

तेव्हापासून घरात हाका सुरू झाल्या. मिस्त्री, चहा निवतोय तुझा. मिस्त्री, अपूर्णांक येतात का तुला? एकदा शाळेच्या फाटकाशी, सगळ्या मैत्रिणींसमोर, “ए मिस्त्री, इकडे!”

पुढच्या महिन्यात त्यांनी बिस्किटाच्या खोक्याची लिफ्ट करून नवा चित्रपट काढायला घेतला. आई आतल्या खोलीत आडवी झाली होती. बाहेर आवाज चढले.

“लिफ्ट मधेच अडकली पाहिजे,” ठकू म्हणत होती. “त्याशिवाय गंमत काय?”

“माझ्या लिफ्टा अडकत नाहीत.”

“सगळ्या अडकतात! म्हणून तर तुला पगार मिळतो!”

“ठके, तू मला शिकवू नकोस.”

“मग कोण शिकवणार? तुला शिंगं तरी जमतात का?”

भांडण सोडवायला म्हणून आई सवयीनं उठून बसली. पाय खाली टेकवले. क्षणभर ऐकत राहिली. दोघं एकमेकांशीच बोलत होते. तिनं पाय वर घेतले, उशी डोक्याखाली नीट केली आणि त्यांना भांडू दिलं.