पाठमोऱ्या ओडेलची गिटार

मित्रांनो, जरा लांबूनच बोलूया. मी ओडेल रकरची गिटार आहे. माझं वय झालं आहे, आणि कोणी माझ्याकडे टक लावून बघू लागलं की ह्याला नक्की काय हवंय, हाच विचार पहिला मनात येतो. काय करणार, ज्याच्या मांडीवर आयुष्य गेलं त्याचाच हा स्वभाव.

मिसिसिपीच्या कापसाच्या मुलखात मी टपालाने आले. ओडेलला तेव्हा धड मिसरूडही फुटलं नव्हतं. पण वर्षभरात त्याने माझ्या तारा जुळवण्याची स्वतःची एक तऱ्हा शोधून काढली. बाटलीची मान कापून केलेली काचेची नळी करंगळीत घालून तो ती तारांवरून सरकवायचा, आणि मी असं काही रडायचे की शनिवारी नाचायला आलेली माणसं पावलं थांबवून उभी राहायची. तशी जुळणी त्या मुलखात दुसऱ्या कोणाकडे नव्हती.

मग एका पाहुण्या वादकाने कौतुक करत करत आमचं एक गाणं विचारून घेतलं. ओडेलनेही भोळेपणाने वाजवून दाखवलं; जुळणी मात्र त्या पाहुण्याला उमगली नाही. पुढच्या कापूसवेचणीला आमचंच गाणं रेडिओवर लागलं, नाव त्या पाहुण्याचं. ओडेलने रेडिओ बंद केला आणि जेवायला बसला. त्यानंतर तो लोकांकडे पाठ करून वाजवू लागला. वाजवून झालं की सगळ्या खुंट्या पिळून माझ्या तारा उतरवून टाकायचा, म्हणजे कोणाला जुळणीचा सुगावा लागायला नको. लोक म्हणायचे, माजलाय. मला वाटायचं, बरोबर करतोय. एकदा त्याची तबकडी निघाली, तीही त्याने सगळ्यांसारख्या साध्या जुळणीवरच वाजवली.

सगळ्यात जास्त डोळा आम्ही क्लीओफसवर ठेवायचो. हा ओडेलचा जोडीदार, माऊथ ऑर्गन वाजवणारा, सदा हसतमुख. माणसाने इतकं हसायचं म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय, असं आमचं मत होतं. ओडेल त्याला नेहमी आपल्या उजव्या खांद्यामागे बसवायचा. तिथून माझी दांडी दिसत नाही.

पुढे नाचाचे अड्डे एकेक करून बंद पडले. ओडेल ट्रॅक्टर चालवू लागला आणि मी पलंगाखाली गेले. तिथे ओल होती, झुरळं होती. नवीन तारा नाहीत की कौतुक नाही. त्या दिवसांबद्दल मला फार बोलवत नाही.

मग म्हातारपणी एक दिवस मेम्फिसहून विटलो नावाचा माणूस आला. गाणी ध्वनिमुद्रित करण्याचा त्याचा धंदा.

"मिस्टर ओडेल, तुमची जुनी तबकडी मी झिजेपर्यंत ऐकलीय. नवा अल्बम करूया."

"कोणी पाठवलं तुम्हाला?" ओडेलने दारातूनच विचारलं.

तरी तो तयार झाला, कारण डाव्या हाताची बोटं आखडत चालली होती. हिवाळा येईपर्यंत ती पार मिटून जातील, असं डॉक्टरने सांगितलं होतं. आता वाजवलं नाही तर ती जुळणी त्याच्याबरोबरच संपणार होती. हे त्याला कळत होतं, मलाही कळत होतं.

ध्वनिमुद्रणाला चर्चने जागा नाकारली. सैतानाची गाणी इथे नकोत म्हणाले. मग क्लीओफसने आपली तळलेल्या माशांची खानावळ देऊ केली. शीतपेट्यांची घरघर माईकमध्ये येते म्हणून त्याने त्या बंदसुद्धा केल्या. मासे खराब होतील म्हटलं तर म्हणाला, होऊ देत. आता असं फुकटात कोण करतं? मला तर दाट संशय आला. आणि विटलोने माईक ओडेलच्या तोंडाऐवजी हातापाशी ठेवला, तेव्हा ओडेललाही आला.

त्याने माझ्या तारा सगळे जुळवतात तशा जुळवल्या आणि भिंतीकडे तोंड करून वाजवलं. मला स्वतःचीच लाज वाटली. विटलो छान झालं म्हणाला आणि यंत्राकडे बघत राहिला.

"ओडेल, हे काय लावलंयस?" क्लीओफस म्हणाला. "असलं तर माझी मेहुणीपण वाजवते."

"वाजतंय ना? मग झालं."

"दे इकडे."

आणि त्याने मला चक्क उचललं. माझ्या तारा थरथरल्या. क्लीओफसने विटलोकडे पाठ केली, त्याला काही दिसू नये म्हणून माझ्यावर वाकला आणि एकेक खुंटी फिरवू लागला. तार न् तार बरोबर ओडेलच्या जागी येऊन बसली.

ओडेलने कान टवकारले. "कोणी शिकवलं तुला?"

"शिकवतंय कोण? कान आहेत की मला. इतकी वर्षं तुझ्यामागे बसून काय झोपा काढत होतो?"

"कधीपासून येतंय?"

"तुझं लग्न व्हायच्या आधीपासून."

"मग वाजवलंस कुठे?"

"कुठेच नाही. तुझं होतं ते."

ओडेलने करंगळीतली नळी फिरवली. मग म्हणाला, "मी तुला चोर समजत होतो, क्लीओ."

"माहीत होतं मला. आता वाजव लवकर, मासे वास मारायला लागतील."

ओडेलने खुर्ची फिरवली आणि क्लीओफसच्या समोर बसून वाजवलं. बोटं दुखत होती, दोनदा नळी निसटली, पण संध्याकाळपर्यंत अल्बम झाला. तो खूप गाजला. ती जुळणी आता कोणीही ऐकून शिकू शकतं, आणि कितीतरी मुलं शिकलीही. हिवाळ्यात ओडेलची मूठ मिटली, पुढच्या वर्षी तो गेला. जाताना त्याने मला क्लीओफसकडे दिलं.

मित्रांनो, क्लीओफस मला रोज पुसतो, ओल लागू देत नाही, तारा वेळेवर बदलतो. वाजवत मात्र नाही. वाद्याला नुसतं पुसून भागत नाही, न वाजवलेलं लाकूड हळूहळू मुकं होतं. तुमच्यापैकी कोणी त्याच्या खानावळीत मासे खायला गेलात, तर माझं एवढं काम करा. त्याला सांगा की ओडेलने गिटारीबरोबर ती जुळणीही तुलाच दिली आहे, आता वाजवलंस तर चोरी होत नाही.