ताश्तानच्या वर्षाचं जेवण

"आतडी धुवायला मी, आणि घोडा झकास कापला म्हणून मिशा पिळायला हे!" बातिना घमेल्यावर वाकून पुटपुटली.

शेजारी रस्सा ढवळणाऱ्या झूराकानला जाऊबाईंची कुरकुर ऐकून हसू आलं. पण नवऱ्याच्या वर्षाच्या जेवणाला विधवेनं हसू नये, म्हणून तिनं ते खोकल्यात लपवलं.

तेवढ्यात गावातले वडीलधारे बेकबोलोत आजोबा काठी टेकत आले.

"सूनबाई, शहरातला गाणारा खिंडीत अडकलाय, दरड कोसळलीय म्हणे. पाहुणे ताटकळलेत. वीरगाथा आता तूच गा."

झूराकानच्या हातातली पळी थांबली. ती पोरवयात असताना स्वप्नात एक घोडेस्वार आला होता. गा, नाहीतर झिजून मरशील, म्हणाला होता. मग ती गायली. लग्नानंतर पाळणा हलवतानाही गायली. पुढे तिचा एमिल नदीत वाहून गेला. खेळता खेळता पाय घसरला, असं ताश्ताननं सांगितलं. गाव म्हणालं, बाईच्या तोंडी वीरांची गाथा, वीरांनी पोर नेलं. ताश्ताननं तिचा हात रोटीवर ठेवून तिला शपथ घ्यायला लावली, पुन्हा गायचं नाही. तिची सगळी तरणी वर्षं त्या शपथेत गेली. स्वप्न मात्र दर वसंतात येई आणि पहाटे तिचा जबडा आवळलेला असे.

"नातू खाल्लास," झूराकान पाहुण्यांच्या तंबूत शिरताच सासूबाई म्हणाल्या. "आता कुणाला खायचंय?"

पाहुणे चहाच्या वाटीत बघू लागले. वाटीत एवढं काय दिसत होतं कोण जाणे!

"गाऊ दे तिला," आजोबा म्हणाले.

झूराकान मांडी घालून बसली, डोळे मिटले. ओळी खोगीर चढवून उभ्याच होत्या, एकूण एक. तिनं तोंड उघडलं, आणि निघाला तहानलेल्या बोकडाचा आवाज. घसा खाकरला, पुन्हा तेच. तरणी पोरं खिदळली.

"बघा," सासूबाई समाधानानं म्हणाल्या, "अल्लानंच दार लावलं. पोराचा जीव घेतला ना त्या गाण्यानं!"

झूराकाननं मान खाली घातली. तिलाही इतकी वर्षं तसंच वाटत आलं होतं.

दारातून बातिना ओल्या हातांनीच आत आली.

"पुरे, आई. नदीला पूर होता आणि तुमचा ताश्तान तर्र होता. पोराला पुढ्यात घेऊन त्यानंच घोडा पाण्यात घातला. आपण सगळे काठावर होतो. एक हीच नव्हती."