सोयरिकीआधीचं गजकर्ण

उन्हाळ्याच्या तोंडावर मारोतरावांच्या जांघेत गजकर्ण उठलं. नवऱ्याच्या खाजेपेक्षा शोभाताईंना धास्ती होती लेकीच्या, मयुराच्या, सोयरिकीची. ठरलेला मुलगा, रजत, मिहानमधल्या कंपनीत नोकरीला. त्याचे काका म्हणजे रामदासपेठेतले डॉक्टर मधुसूदन, आणि मारोतरावांच्या हृदयाचे उपचार नेमके त्यांच्याकडेच. कातडीच्या रोगाच्या घरातली पोरगी कोण करणार? काकांच्या कानावर अवाक्षर जाता कामा नये, असं बाईंनी घरात बजावून टाकलं.

बेसा भागातल्या कातडीच्या डॉक्टरने कॅप्सूल लिहून दिल्या. आणखी काही औषधं सुरू आहेत का, असं त्याने विचारलं. दोन डॉक्टर आपसांत बोलले तर बोंबच, म्हणून शोभाताईंनी सरळ 'नाही' म्हणून सांगितलं. गोळ्या देण्यात मात्र त्या पक्क्या. रात्रीच्या जेवणावर डॉक्टर मधुसूदनांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी आणि सोबत ही कॅप्सूल, एकदाही खाडा नाही.

मग मारोतरावांच्या मांड्या ठणकू लागल्या. पलंगावरून उठताना भिंत धरावी लागे. लघवी काळपट झाली, तेव्हा ऊन बाधलं म्हणून शोभाताईंनी पन्हं पाजलं. शेवटी न राहवून त्यांनी डॉक्टर मधुसूदनांना फोन लावला.

"ताई, नवीन काही औषध देऊन राहिल्या का त्यांले?"

मयुरा समोरच साखरपुड्याची साडी नेसून पाहत होती.

"नाही जी," शोभाताई म्हणाल्या.

आजच्या आज घेऊन या, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. पण तपासायचं म्हणजे कपडे काढले जाणार. एवढं गजकर्ण जाऊ दे, मग नेऊ, असं शोभाताईंनी मनाशी ठरवलं आणि दोन्ही गोळ्या चालूच ठेवल्या.

नेलं तेव्हा उचलूनच न्यावं लागलं. मूत्रपिंडं बंद पडली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात शोभाताईंनी पिशवीतून कॅप्सूलचं पाकीट काढून दिलं. डॉक्टरांनी त्यावरचं नाव वाचलं. या कॅप्सूलमुळे कोलेस्टेरॉलची गोळी अंगात साचत जाते, स्नायू विरघळतात आणि मूत्रपिंडं तुंबतात, हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

"मले काहून नाही सांगितलं?"

शोभाताईंनी खालमानेने सोयरिकीचं कारण सांगितलं. डॉक्टरांनी पाकीट परत त्यांच्या हातात ठेवलं.

"गजकर्ण तर मागच्या उन्हाळ्यात रजतलेही झालं होतं, ताई."

मारोतराव त्याच संध्याकाळी गेले.

तेरवीला रजतकडची माणसं आली. वर्ष सरलं की लग्न उरकू, म्हणाली. जिच्यासाठी नवरा घालवला, ती सोयरीक कुठेच गेली नव्हती. शोभाताईंनी सगळ्यांना पाणी दिलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबला.