कच्ची पानकोबी, बिनमिठाची

आंजी गावाकडे सोयरीक पाहायला आलेल्या बाया पोरीकडे नंतर बघत, आधी तिच्या आईकडे. बैल घेताना दात बघतात, सून घेताना आई. वीस वर्षांनी आपल्या घरात काय वावरणार आहे, ते तिथं आजच उभं असतं. त्यामुळे गंगाचं लग्न अडलं होतं ते गंगामुळे नव्हे, तिच्या आईमुळे, चतुराबाईमुळे.

चतुराबाई दोन वर्षांत फुगत गेली होती. खाणं चिमणीचं, अंग म्हशीचं. भर उन्हात तिला थंडी वाजे. वाफ्याला पाणी देता देता उभ्यानं झोप लागे. आवाज जड झालेला, आणि गळ्यावर लिंबाएवढी गाठ. पदर ती गळ्याभोवती असा घट्ट लपेटून घेई की गावाला ती फार मर्यादशील वाटे.

डॉक्टरकडे जायची सोय नव्हती. दवाखान्यात अर्धा तालुका बसलेला. बाईच्या गळ्याची बातमी तिच्याआधी घरी पोचली असती आणि घराआधी पाहुण्यांकडे. म्हणून तिच्या नवऱ्यानं, श्रावणनं, अण्णाजींना बोलावलं. अण्णाजी निसर्गोपचारवाले. त्यांनी आयुष्यात एकच रोगी पुरता बरा केला होता, तो म्हणजे ते स्वतः. त्यांना झालं काय होतं, हे मात्र कोणाला आठवत नव्हतं.

"औषध म्हणजे विष," अण्णाजी म्हणाले. "बाई, मीठ सोडा. शिजवलेलं सोडा. सकाळ-संध्याकाळ कच्ची पानकोबी खा. वजन उतरेल, अंगात घोड्याची ताकद येईल."

श्रावणच्या वाडीत त्या साली पानकोबीला गिऱ्हाईक नव्हतं. निसर्गाला वाडीतला माल नेमका माहीत होता.

चतुराबाई चावू लागली. "बकरी बी इतकी खात नाई वं बाई," जाऊ कुंताबाई म्हणे. गंगाला ते बघवेना. ती आईशेजारी येऊन बसली.

"माय, तू एकटी काऊन खातं? मीबी तेच खातो."

पोरीची माया पाहून श्रावणचे डोळे भरले आणि त्यानं आणखी एक गड्डा चिरला.

कच्ची पानकोबी ढिगानं खाल्ली तर असा गळा सुधरत नाही, बिघडतो. पण हे अण्णाजींना ठाऊक नव्हतं, आणि पानकोबीला बोलता येत नव्हतं. लिंबाचं हळूहळू संत्रं होऊ लागलं.

"रोग बाहेर पडतो आहे," अण्णाजी म्हणाले. "शुभ लक्षण आहे."

चतुराबाई वाफ्यात मटकन बसली. "माह्या मढ्यानं पोरीची वाट अडवली," ती मातीला म्हणाली. तिला उठवायला गंगा आणि कुंताबाई, दोघींचे हात लागले.

अशात सेवाग्रामपलीकडचे पाहुणे यायचं ठरलं. श्रावणनं तोड काढली. माय म्हणून कुंताबाई बसेल. ती सडपातळ होती आणि तिला गळा होता तेवढाच होता. चतुराबाई चुलीपाशी. तिनं मान डोलावली. पोरीसाठी ती विहिरीत बसायलाही तयार होती.

सगळं जमत आलं होतं. पण मुलाची आई विमलाबाई हात धुवायला आत आली.

"तुमी कोण वं बाई?"

"सैपाकाले आली मी," चतुराबाई चुलीकडे तोंड करून म्हणाली.

गंगा दारात ताट घेऊन उभी होती. ताट तिनं खाली ठेवलं.

"माय होय ते माही."

विमलाबाई रागावली नाही. तिनं चतुराबाईकडे डोळे भरून पाहिलं, मग गंगाला उजेडात ओढलं आणि बाजारात वांगं दाबून पाहावं तसा तिचा गळा चाचपला. एका जागी बोटं थांबली.

"थूक गिळ बरं, पोरी."

गंगानं गिळलं. बोटांखाली बोराएवढं काहीतरी वर गेलं, खाली आलं.

"हिलेबी हाय," विमलाबाई म्हणाली आणि बोटं पदराला पुसली. बाहेर जाऊन तिनं "कळवतो" एवढंच सांगितलं. त्या भागात या शब्दाचा अर्थ विचारावा लागत नाही.

पाहुण्यांची बैलगाडी जुंपली गेली. चतुराबाईनं गंगाच्या गळ्यावर बोट ठेवलं. गाठ बोटाला लागली. मग तिनं पोरीचं मनगट धरलं आणि गळ्यावरचा पदर तसाच गळू देऊन, सगळ्या पुरुषांसमोर, अंगणात आली.

"अवं, आत जा!" श्रावण ओरडला.

"आता कोणाची लाज? तुमीच खा थे पानकोबी." मग ती गाडीकडे वळली. "विहीणबाई, तुमाले सेवाग्रामवरूनच जा लागते. आमाले दवाखान्यापाशी सोडजा."

विहीण हा शब्द ऐकून विमलाबाईचं तोंड उघडलं. नाही म्हणायला माणसाला काहीतरी कारण लागतं, आणि गाडीत जागा होती.

"सरका," चतुराबाई म्हणाली.

ती चढली तशी गाडी मागं कलली. मुलाच्या बापाला घाईनं पुढं सरकावं लागलं, नाहीतर गाडी उलार झाली असती. वाटभर चतुराबाईचं बोट गंगाच्या गळ्यावरून हललं नाही. दर थोड्या वेळानं ती तेवढंच म्हणे, "गिळ बरं."